लाकूड श्वास घेत नाही

जुन्या सागवानी जेवणाच्या टेबलावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा कोट मारून घ्यायचा विषय निघाला की घरात हटकून एखादे जाणकार पुढे येतात. पीयू म्हणजे शेवटी प्लास्टिकच, ते सांगतात. लाकडाला श्वास घेता आला पाहिजे. आजोबांच्या काळी चपड्याचं स्पिरिट पॉलिश असायचं, तेच खरं. नाहीतर जवसाचं तेल आणि मधमाशांचं मेण लावा. नैसर्गिक असतं, ताटाखाली विष नको. हे बोलणं ऐकायला गोड लागतं, जुन्या वस्तूंबद्दलचं प्रेम त्यात असतं, म्हणून त्याला सहसा कुणी उलट उत्तर देत नाही. मला द्यायचं आहे. कारण या सल्ल्याचा भार सल्ला देणाऱ्यावर पडत नाही, रोज टेबल पुसणारीवर पडतो.

आधी श्वासाचं बघू. सागाच्या ज्या गाभ्यातून टेबलाची फळी निघते, त्या गाभ्यातल्या पेशी झाड उभं असतानाच मेलेल्या असतात. कापलेली, वाळवलेली, रंधलेली फळी काही आत घेत असेल तर ती हवेतली वाफ, आणि सोडत असेल तर तीच. पावसाळ्यात फळी फुगते, उन्हाळ्यात आकसते. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडी होईपर्यंत साग वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. इतर लाकडांच्या मानाने हे कमी आहे, सागाचा दबदबा त्यामुळेच आहे. तरीही तीन फूट रुंदीच्या टेबलात, फळ्या चिरण्याच्या पद्धतीप्रमाणे, ओलाव्याचं प्रमाण चार टक्क्यांनी बदललं तर रुंदीत सहा-सात मिलिमीटरचा फरक पडू शकतो. जोड उघडतात, फळी वाटीसारखी वळते, कडेला चीर जाते ती यामुळे. ज्याला ही मंडळी श्वास म्हणतात तो लाकडाचा छळ आहे. तो जितका मंदावेल तितकं टेबल जास्त टिकेल.

आणि तो मंदावण्यात जवसाचं तेल जवळजवळ निकामी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला १९१० साली स्थापन झालेली सरकारी वनोपज प्रयोगशाळा आहे. लाकडावरचा कोणता लेप हवेतला ओलावा किती अडवतो याच्या पद्धतशीर चाचण्या तिथे झालेल्या आहेत. जवसाचं तेल त्या यादीत अगदी तळाशी येतं. पीयू आणि इपॉक्सीसारखे थर बांधणारे लेप त्याच्या कितीतरी वर असतात. ओलावा पूर्णपणे कुठलाच लेप अडवत नाही, म्हणून चांगला सुतार टेबलाचा वरचा भाग सांगाड्याला जोडताना स्क्रूची भोकं लांबट ठेवतो आणि फळीला सरकायला जागा देतो. लेपाचं काम हा बदल एकदम न होता सावकाश होऊ देण्याचं. श्वासाच्या नावाखाली लाकूड उघडं ठेवायचं म्हणजे हे सावकाशपण त्याच्याकडून काढून घ्यायचं.

आता चपड्याकडे येतो. चपड्याचा मला मनापासून आदर आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, त्यापासून चपडा होतो. तो स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवत नेला की लाकडाला जी खोली येते, तिला अजून तोड नाही. रांचीजवळच्या नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. बालगंधर्वांचा आवाज घराघरात पोचवणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही हीच लाख होती. पण परंपरेचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा. लाख आपली असली तरी बोळ्याने चढवायचं हे चकचकीत पॉलिश एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या दिवाणखान्यांसाठी रूढ झालं आणि तिथूनच आपल्याकडे आलं. त्याचं नावच फ्रेंच पॉलिश आहे. ते दिवाणखान्यासाठी होतं. आमटीच्या पातेल्यासाठी ते कधीच नव्हतं.

चपडा साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडतो. गॅसवरून उतरवलेलं वरण याहून बरंच गरम असतं. भांड्याखाली पांढरट गोल उमटतो तो यामुळे. चपड्यावर पाणी साचून राहिलं तरी तो पांढरा पडतो. साबण-सोड्याच्या पाण्याने तो हळूहळू झिजतो, कारण क्षार त्याला विरघळवतात. आणि स्पिरिटमध्येच विरघळलेला असल्यामुळे स्पिरिटनेच तो सुटतो. २०२० साली घराघरात सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या. बाहेरून आलेली पिशवी टेबलावर ठेवायची, फवारा मारायचा आणि पुसायचं, असं दिवसातून कितीतरी वेळा चाललं होतं. सॅनिटायझरमध्ये ७०-८० टक्के अल्कोहोल. ज्या टेबलांवर स्पिरिट पॉलिश होतं, त्यांच्यावर चिकट, धुरकट पट्टे उठले ते त्या काळात. चपड्याचा यात काही दोष नाही. त्याला जिथे बसवलं ती जागाच त्याची नव्हती.

मग अशी टेबलं इतकी वर्षं टिकली कशी, असं विचारतील. ती टिकली ती झाकून. पुण्यातल्या एका घरी सहा खुर्च्यांच्या सागवानी टेबलाचं पॉलिश काढायचं होतं, तेव्हा मी तिथे होतो. टेबलावर फुलाफुलांचा जाड प्लास्टिक कागद होता, कडांना चिकटपट्टी. पॉलिशवाल्याने एक कोपरा धरून कागद उचलला तर तो चर्रर्र आवाज करत सुटला आणि पॉलिशचे पापुद्रे त्याच्या पाठीला चिकटून वर आले. खाली लाकडावर कागदाची जाळीदार नक्षी ठशासारखी उमटलेली होती, मधे पांढरे ढग, आणि कडेच्या फटीत वाळलेली शितं. ‘काकू, पॉलिश टेबलावर राहिलंच नाही, सगळं कागदाला आलंय,’ तो म्हणाला. काकू म्हणाल्या, ‘सासूबाईंनी सांगितलं होतं, याला पाणी लागू द्यायचं नाही. मग झाकूनच टाकलं.’ लग्न होऊन आल्यापासून त्या बाईंनी त्या टेबलावर जेवण वाढलं होतं आणि त्याचं लाकूड त्यांनी क्वचितच पाहिलं होतं.

अशा कागदात पीव्हीसी मऊ राहावं म्हणून जी द्रव्यं घातलेली असतात, ती हळूहळू बाहेर पाझरतात आणि खालचा चपडा किंवा लॅकर मऊ करतात. नक्षीचे ठसे त्यानेच उठतात. म्हणजे प्लास्टिक नको म्हणून ज्यांनी पीयू नाकारला, ते जन्मभर प्लास्टिकवरच जेवले, आणि शिवाय पॉलिशही गमावून बसले. काचेची गोष्ट वेगळी नाही. काचेखाली पाणी शिरतं, वाळायला वाट नसते, आणि शेवटी काच उचलायला दोन माणसं लागतात. ज्या लेपामुळे टेबल उघडं ठेवून वापरता येतं, ओल्या फडक्याने पुसता येतं, लोणच्याचं तेल सांडलं तर धावपळ करावी लागत नाही, तो लेप लाकडाचा शत्रू कसा? लाकूड दिसतं, त्याच्या रेषा हाताला लागतात, ते या लेपामुळेच. प्रेमाने जपलेलं पण झाकून ठेवलेलं टेबल मला त्या घरातल्या बाईवर लादलेलं आणखी एक काम वाटतं.

पीयूबद्दलही अवास्तव काही सांगायला नको. तो अजिंक्य नाही. कुकर सरळ गॅसवरून आणून त्यावर टेकवला तर डाग पडू शकतो; खाली चकती हवीच. हळदीचं तेलकट वाटण रात्रभर पडून राहिलं तर फिकट मॅट कोटावर पिवळी छटा राहते. हळदीतलं रंगद्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही, पण उजेडाने ते मोडतं, म्हणून खिडकीतून ऊन येत असेल तर काही दिवसांत ती छटा उतरते. सुरीने कापलं तर ओरखडा येतो. पण लिंबू, कोकम, ताक, चहा, स्पिरिट, साबण, ओलं फडकं, म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलावर रोज येणारं जवळजवळ सगळं, तो बिनतक्रार सोसतो. रोजच्या वापरातल्या टेबलाची कसोटी या रोजच्या गोष्टींवर लावावी.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक ही समजूत तर मला सर्वांत धोक्याची वाटते. दुकानात मिळणारं ‘उकळलेलं’ जवसाचं तेल लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा कोबाल्ट किंवा मॅंगनीजची संयुगं घातलेली असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगाने पडून राहिल्या तर ती उष्णता कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग याच कारणाने लागली. बाविसाव्या मजल्यावर लाकडी पॅनेलिंगला पॉलिश करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या तशाच टाकल्या होत्या. आठ मजले जळाले, तीन अग्निशामक जवान मेले, आणि तिसाव्या मजल्यावर पाण्याचे फवारे होते म्हणून आग तिथे थांबली. १९९९ पर्यंत ती इमारत पाडून झाली होती. हे सांगतो ते जवसाच्या तेलाला बदनाम करायला नाही. चिंध्या पसरून वाळवल्या किंवा पाण्याच्या डब्यात टाकल्या तर काही होत नाही. पण पीयूच्या डब्यावरची सूचना वाचून घाबरणाऱ्या माणसाला तेलाच्या चिंधीबद्दल कुणी काहीच सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

ताटाखालच्या विषाचंही तसंच. पीयूचे दोन घटक, राळ आणि हार्डनर, एकमेकांशी बांधले जाऊन कडक थर होतो, आणि तो पूर्ण पिकला की अन्नात उतरण्यासारखं त्यात फारसं काही राहत नाही. ही रसायनक्रिया काही काल-परवाची नाही. जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९३७ साली शोधली. अट एकच, थर पिकू द्यायचा. हाताला कोरडा लागला म्हणजे झालं असं नाही. साधारण आठवडाभर टेबलावर गरम भांडं नको, मेणकापड नको, ओझं नको. घरातल्यांची घाई इथे नडते, कारण एवढे दिवस सगळ्यांना खाली बसून जेवायचं असतं. जुन्या रंगवलेल्या टेबलाच्या बाबतीत खरी काळजी शिशाची. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमाने आली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा पिवळा, लाल, हिरवा ऑइलपेंट कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवणं हे लहान मुलं असलेल्या घरात कधीही करू नये. नव्या कोटाबद्दल कुरकुरणारे या धुळीबद्दल गप्प असतात.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र भक्कम आहे. चपड्यावरचा डाग तेवढ्यापुरता काढता येतो. नवा थर जुन्या थराला विरघळवून त्यात मिसळून जातो. पीयूचं तसं नाही. नवा थर जुन्यावर बसतो, त्यात मिसळत नाही, म्हणून मधेच ठिगळ लावलं तर ते दिसतं. ओरखडा खोल असेल तर पूर्ण पृष्ठभाग घासून पुन्हा कोट घ्यावा लागतो. हे खरं आहे आणि मी ते पुसून टाकणार नाही. पण ही दुरुस्ती किती वेळा लागते, आणि करायला कोण येतं? स्पिरिट पॉलिशला डाग दर पाहुण्यांगणिक पडतो, आणि एका गोल डागासाठी घरी येणारा पॉलिशवाला आज शहरात शोधून सापडत नाही. जो डाग सहज काढता येतो पण कधीच काढला जात नाही, त्याचा उपयोग काय? मॅट पीयूवर बारीक ओरखडे डोळ्यांत भरत नाहीत, आणि वर्षांनी कोट निस्तेज झाला की त्याला ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने एकसारखं खरबरीत करून वरून एक नवा कोट देता येतो. मुळापर्यंत जायची गरज नसते.

इथे मी एक हद्द आखतो आणि ती मनापासून आखतो. गोव्यातल्या जुन्या घरांतल्या कोरीव शिसवी मेजाला, मुंबईच्या काळ्या शिसवीच्या नक्षीदार फर्निचरला, किंवा ज्याचा घडवणारा माहीत आहे अशा कुठल्याही वस्तूला पीयू लावू नये. संग्रहालयातले संवर्धक पाळतात तो नियम तिथे लागू होतो: आज केलेलं काम उद्याच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. चपडा स्पिरिटने निघतो, पीयू सहजी निघत नाही. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात गल्लीतल्या सुताराकडून करून घेतलेलं, चांगल्या सागाचं, साध्या सरळ पायांचं टेबल ही संग्रहालयाची वस्तू नाही. त्याचा मान त्यावर जेवण्यात आहे. त्याला संग्रहालयाचा नियम लावला की ते एकतर प्लास्टिकखाली जातं, नाहीतर गॅलरीत, आणि तिथून भंगारवाल्याकडे. मग त्या जागी लाकडाच्या भुशाच्या फळीवर सनमायका मारलेलं नवं टेबल येतं. पीयूला विरोध करून वाचलेलं सागवान मी फार थोडं पाहिलं आहे.

पीयू सोलून निघालेलंही पाहिलं आहे, आणि जाणकार मंडळी तेच उदाहरण देतात. कोट सोलतो तो बहुतेक वेळा खालच्या कामामुळे. सागात स्वतःचं तेल असतं. त्यातली काही द्रव्यं लेपाला चिकटू देत नाहीत आणि तेलावर आधारलेल्या वॉर्निशला वाळू देत नाहीत. म्हणून कोट मारायच्या अगदी आधी पृष्ठभाग थिनरने पुसून घ्यावा लागतो, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत. वर्षानुवर्षं फर्निचर चमकवायचा स्प्रे मारलेला असेल तर त्यातलं सिलिकॉन लाकडाच्या छिद्रांत बसलेलं असतं, आणि नवा कोट ओला असतानाच त्यात गोल गोल खळगे पडतात. जुनं पॉलिश कोणतं हे आधी टेबलाच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाकून बघावं. चिकट झालं तर चपडा. मग मशीन लावायचं कारणच नाही. स्पिरिट आणि बारीक स्टील वूलने तो धुऊन निघतो, आणि उन्हाने, वयाने लाकडाला आलेला मधाळ रंग तसाच राहतो. जुनेपणाच्या तेजाची काळजी करणाऱ्यांनी भांडायचं तर ग्राइंडर घेऊन येणाऱ्याशी भांडावं. त्या तेजाचा बळी ग्राइंडर घेतो, कोट नाही. लोखंडी तव्याचा काळा डाग राहिला असेल तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने तो फिका करून, स्वच्छ धुऊन, लाकूड नीट वाळू द्यावं. मग १२०, १८०, २२० असा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेने. आणि टेबलाची खालची बाजू व फळ्यांची टोकं विसरायची नाहीत. वर तीन कोट आणि खाली कोरडं लाकूड असेल तर पहिल्याच पावसात ओलावा खालून शिरतो, फळी वळते आणि दोष पीयूच्या नावावर जातो.

हंगामाचंही तेच. जुलैमध्ये ठाण्याला किंवा रत्नागिरीला हे काम काढणं चूक. हार्डनरमधलं आयसोसायनेट हवेतल्या पाण्याशीही संयोग पावतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. कोटात बारीक बुडबुडे अडकतात. दिवाळी झाल्यावर, हवा कोरडी झाली की हे काम घ्यावं.

पीयूवर जो आरोप खरोखर ठेवायला हवा, तो मात्र या जाणकारांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. तो जेवणाऱ्यांच्या पोटाचा नाही, स्प्रे मारणाऱ्याच्या छातीचा आहे. दोन घटकांचा पीयू कॉम्प्रेसरने फवारताना आयसोसायनेटचे सूक्ष्म कण हवेत राहतात. त्यांनी दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. बंद फ्लॅटमध्ये, पंखा बंद करून, तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारी मुलं मी पाहिली आहेत. रुमाल किंवा कापडी मास्क या वाफेपुढे काहीही नाही. ताटातल्या विषाची चर्चा करत आपण शेजारच्या खोलीत चहा पितो आणि तो मुलगा आपल्या टेबलासाठी ते विष ओढत असतो. पीयू टाळा असं म्हणायचंच असेल तर या कारणासाठी म्हणा. मी ऐकून घेईन.

पण यालाही उपाय आहे. टेबलाचा वरचा भाग बहुधा स्क्रूंनी बसवलेला असतो. तो सोडवून मोकळ्या हवेच्या किंवा हवा खेचणारे पंखे असलेल्या कारखान्यात न्यावा. घरातच करायचं असेल तर एकाच डब्यात येणारा, पाण्यावर आधारलेला पीयू घ्यावा. त्याची रसायनक्रिया कारखान्यातच बहुतांशी पुरी झालेली असते, वास कमी असतो, आणि तो ब्रशने किंवा पॅडने लावता येतो. पहिल्या कोटाने लाकडाचे तंतू उभे राहतात, ते घासून घेतले की पुढचे दोन-तीन कोट सफाईदार बसतात. दोन घटकांचा स्प्रे हवाच असेल तर फवारणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा. त्याचा खर्च मजुरीतून कापायचा नाही, कंत्राटदाराच्या मर्जीवरही सोडायचा नाही. पॉलिश पेपर आणि थिनरच्या शेजारी, अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहून घ्यायचा आणि काम सुरू व्हायच्या आधी तो मास्क डोळ्यांनी पाहायचा.